हजारामागची बोटं

१५९८, लोणार

आधी येतो तो वास. खारा, सोड्याचा, मधूनच गंधकाची झाक असलेला. तुम्ही विवराच्या कडेवर उभे आहात. चारी बाजूंनी उतार, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. उन्हाळा सरत आलाय. पाणी मागं हटलंय आणि उघड्या पडलेल्या चिखलावर क्षाराचा पांढरा थर धरलाय. माणसं चिखलात उतरून तो खरवडून काढताहेत, टोपल्या डोक्यावर घेऊन चढण चढताहेत. हा क्षार साबणाला जातो, काचेला जातो. अकबराच्या दरबारात अबुल फझलनं ‘ऐन-इ-अकबरी’त या गावाची नोंद केली, तीत हा मालही आहे. इथून पश्चिमेला सिंदखेड आहे. तिथं लखुजी जाधवांच्या घरी याच वर्षी जिजाऊंचा जन्म झालाय.

संध्याकाळ होते. गोमुखाच्या धारेवर हातपाय धुऊन माणसं दगडांवर टेकतात. त्यांच्या हातांकडं नीट बघा. कुणी पान लावतोय, कुणी सुपारी कातरतोय, कुणी बोटावर चुना घेतलाय. पेटलेलं मात्र कुणाच्याच हातात काही नाही. दिवसभराच्या कष्टानंतर चार माणसं जमलीत आणि धूर नाही, हे तुम्हाला विचित्र वाटेल. तंबाखू अजून वाटेवर आहे. अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांनी तो गोव्याला उतरलाय, गोव्यातून विजापूरच्या आदिलशाहीत शिरलाय. आणखी सहा-सात वर्षांनी असद बेग नावाचा मोगल सरदार विजापूरहून परतताना रत्नजडित चिलमीसह तंबाखू घेऊन जाईल आणि बादशहापुढं ठेवील. १६१७ साली जहांगीर बंदी घालील. बंदी टिकणार नाही.

इथून पुढं चारशे वर्षं तुम्ही चालणार आहात. धूर तुम्हाला सगळीकडं दिसेल. तुम्ही बघायची ती बोटं: तंबाखू वळणारी. त्यांच्या कामाचं मोल कुठं वाढलं, कुठं पडलं आणि कुणी ठरवलं, एवढ्यासाठीच हा प्रवास आहे.

१८७५, विवराकाठचा तंबू

तेच विवर, तोच वास. पण १८५३ च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलाय आणि हिवाळ्यात साहेब लोक दौऱ्यावर निघतात. काठावर तंबू ठोकलाय. पट्टेवाला कंदील लावतोय. खुर्चीत बसलेल्या साहेबानं पेटीतून एक काळपट, जाड कांडी काढलीय. तो चिरूट आहे, दक्षिणेतल्या तिरुचिरापल्लीचा. त्या भागातली तंबाखूची पानं आणि तिथले वळणारे हात यांची ख्याती थेट लंडनपर्यंत पोचलीय.

जवळ जा. चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो, त्यामुळं साहेबाला काही कापावं लागत नाही. हवानाचा सिगार असता, तर त्याचं एक टोक पानाच्या गोल टोपीनं बंद केलेलं असतं आणि पेटवण्याआधी ते छाटावं लागतं. आतली रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. मधोमध भरणाची पानं, ती आवळून धरणारं दुसरं पान आणि सगळ्यांत वर देखणं, बिनडागाचं वेष्टनाचं पान. भरणाची पानं चुरलेली नसतात. ती लांबीत दुमडून अशी बसवतात, की धुराला टोकापासून टोकापर्यंत वाट राहील. जरा जास्त आवळलं तर ओढताना दम लागतो. सैल राहिलं तर कांडी भराभर आणि तापून जळते. किती दाबायचं, हे सांगणारं माप अजून निघालेलं नाही. ते वळणाऱ्याच्या अंगठ्यात असतं. म्हणून हवानाचा कसबी कारागीर अख्ख्या दिवसात शंभर-सव्वाशे सिगार वळतो आणि तेवढंच काम पूर्ण समजलं जातं.

क्षणभर तिथंही डोकावून या. १८६५ साली हवानाच्या सिगार कारखान्यांत एक वेगळीच रीत सुरू झाली. ओळीनं मांडलेल्या बाकांवर कारागीर पानं वळताहेत आणि समोर उंच जागी बसलेला एक माणूस मोठ्यानं वाचतोय: सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. त्याचा पगार कारागीर आपापल्या खिशातून देतात. हात गुंतलेले आहेत, कान मोकळे आहेत, तर कानांना काही चांगलं द्यावं, असं त्या कामगारांनीच ठरवलं. स्वतःच्या कामाविषयी आणि स्वतःविषयी मान असल्याशिवाय असली रीत पडत नाही.

लोणारला परत या. पट्टेवाला तंबूमागं बसून चिलीम ओढतोय. साहेबाचा चिरूटही हाताचा, याची चिलीमही हातानं भरलेली. हे ‘हातचं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगत नाही, कारण सिगार नीट वळू शकेल असं यंत्रच अजून बाजारात नाही. हाताला वेगळी किंमत येण्यासाठी आधी समोर यंत्र यावं लागतं.

१९००, दुष्काळ

आता पाय सांभाळून टाका. हे साल गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून आठवलं जाईल: विक्रम संवत १९५६. पाऊस गेला आणि वऱ्हाडासारखी काळी, कसदार जमीनही होरपळली. बाजार ओस आहेत. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बायाबापड्यांच्या रांगा लागल्यात. कुणाच्या घरी दाणा नाही. इथं थांबून बघण्यासारखं काही नाही, मदत करायला तुमचे हातही या काळात चालत नाहीत. पूर्वेकडं चला.

गुजरातेतही हाच दुष्काळ आहे आणि तिथली कुटुंबं पोटामागं मध्य हिंदुस्थानात आलीत. जबलपूरकडं आणि गोंदियाकडं रेल्वेची कामं निघालीत. त्यांच्याबरोबर एक जुनी सवयही आलीय. खेडा आणि पंचमहालाच्या मुलखात माणसं तंबाखू आपट्याच्या पानात गुंडाळून ओढत आलीत. तोच आपटा, जो आपण दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो. इथल्या जंगलात आपट्यापेक्षा सरस पान हाताशी आलं: टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं.

एक पान खुडून बघा. ते रुंद आहे, लांबट आहे, चामड्यासारखं चिवट आहे. वाळवून ठेवा, हवं तेव्हा पाण्यात भिजवा. पुन्हा वळण्याजोगं होतं आणि वळल्यावर मोडत नाही. शिवाय ते कुणी पेरलेलं नाही. भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंत मैलोन्‌मैल आपोआप उगवतं. जवळ रेल्वे आहे, माल बाहेर जायला वाट आहे. या तीन गोष्टी एका ठिकाणी जुळल्या आणि धंदा उभा राहिला. जबलपुरात मोहनलाल-हरगोविंददास ही पेढी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभी राहिली. गोंदियात पटेलांची घराणी या धंद्यात आली आणि पुढं मनोहरभाई पटेलांनी बिडीतून आलेल्या पैशातून त्या भागात शाळा-कॉलेजं काढली. दुष्काळातून निघालेली ही वाट पुढं काही लाख घरांत शिरणार आहे.

१९३५, लोणारचा बाजार

आज बाजाराचा दिवस आहे. बैलगाड्या सुटल्यात, जू खाली टेकलीत. गुळाचा वास आहे, नव्या मडक्यांचा वास आहे. मिरच्यांच्या ढिगाजवळून जाताना तुम्हाला ठसका लागतो. कापडाच्या पालाशेजारी एका ओट्यावर एक माणूस मांडी घालून बसलाय. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा भुगा, बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. तुम्ही घुटमळता. तो मान वर न करता म्हणतो, “काहून उभे हाय बाप्पा? बसा न.”

बसा. पुढची काही मिनिटं नजर हलवू नका.

त्यानं पानं रात्रीच भिजवून ठेवलीत. एक पान काढून तो मांडीवर सपाट करतो, पत्र्याचा चौकोनी साचा त्यावर ठेवतो आणि कातरीनं तेवढाच तुकडा कापतो. साचा कुठंही ठेवून चालत नाही. पानाची मधली शीर आणि आडव्या शिरा बघून तो तिरपा करावा लागतो. जाड शीर मधे आली तर बिडी फुगते आणि जळताना एका बाजूनं जळते. एका पानातून किती तुकडे निघतील, हे तो बघताक्षणी ठरवतो. नंतर चिमूटभर तंबाखू. तराजू नाही, बोटांना सवय झालीय. तुकड्यावर तंबाखू एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी असा पसरतो. अंगठा आणि तर्जनी फिरतात, पान गुंडाळलं जातं, एका टोकाला निमुळतं होतं. जाड टोकाची कड नखानं आत मुडपून तोंड बंद होतं. सुताचे दोन वेढे पडतात. झाली.

“पान कोठलं?” तुम्ही विचारता.

“गोंदियाकडचं. आगगाडीनं येते, मंग बैलगाडीनं. आमच्या लोणारले कुठं गाडी हाये?”

एवढ्या बोलण्यात त्याच्या दोन बिड्या वळून झाल्या. दहा तास नीट बसलं तर दिवसाला हजार होतात. भागाकार करून बघा: भिजवणं, कापणं, भरणं, बांधणं सगळं धरून एका बिडीला ३६ सेकंद. समोरचा गिऱ्हाईक त्याला ओळखतो. बिडी विझकी निघाली, तर पुढच्या बाजारी येऊन तोंडावर सांगतो. मालाचा बरेवाईटपणा आणि माणसाचं नाव अजून एकत्र आहेत.

मागच्या पंधरा वर्षांत त्याचा धंदा वाढलाय. असहकाराच्या हाकेनंतर परदेशी सिगारेट टाकून शिकलेली माणसंही बिडी ओढू लागली. वकिलाच्या बैठकीत आणि शाळामास्तराच्या खिशात बिडी आली, ती स्वदेशी म्हणून. काही वर्षं का होईना, हातानं वळलेल्या या कांडीला प्रतिष्ठा होती.

याच वर्षांत, मुंबईत

डोळे मिटून उघडा. विलेपार्ल्याला गोल्डन टोबॅकोचा कारखाना १९३० साली निघालाय. पुढं पनामा सिगारेट इथलीच. आत शिरताच ओट्यावरची शांतता आठवेनाशी होते, इतका खडखडाट आहे. या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकेतला जेम्स बोन्सॅक. त्यानं १८८१ साली सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. माणूस मिनिटाला चार-पाच सिगारेटी वळत होता, तिथं त्याचं यंत्र दोनशेच्या घरात गेलं.

रचना बघा. कागदाचं अखंड रीळ एका बाजूनं सुटतं. त्यावर बारीक कातरलेला तंबाखू सारख्या जाडीनं पडत राहतो. कागद दोन्ही कडांनी वर वळतो, कडेला डिंक लागतो आणि एक लांबच लांब, न संपणारी कांडी तयार होत पुढं सरकते. फिरतं पातं तिचे सारखे तुकडे पाडतं. यात सिगारेट कुणी वळत नाही. एक लांब नळी बनते आणि कापली जाते.

इथं हात आणि यंत्र यांतला खरा फरक हाताशी लागतो. वेग हा त्याचा वरवरचा भाग झाला. ओट्यावरचा माणूस प्रत्येक पानापुढं स्वतःला बदलत होता: हे पान जाड, ते पातळ, याची शीर डावीकडं, ते किडीनं खाल्लेलं. यंत्राला असं थांबून बघता येत नाही. त्याला सगळं सारखं लागतं. म्हणून यंत्राकडं येण्याआधीच माल एकसारखा केला जातो. पान कातरून एकजीव होतं, वेष्टनासाठी सगळीकडं सारखा असा कागद येतो. सिगारच्या बाबतीतही हेच घडलं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत सिगारची यंत्रं पसरली, तेव्हा अख्ख्या लांब पानांच्या जागी चुरा आला. पुढं तर पानांचा भुगा आणि चिकट लगदा यांची कागदासारखी पट्टी लाटून तीच आतलं पान म्हणून वापरू लागले. चव स्थिर झाली, भाव उतरला. अमेरिकेत आणि युरोपात हातानं वळलेला सिगार महागाची चीज झाला. त्याच्या पेटीवर ‘पूर्णपणे हातानं बनवलेला’ असे शब्द मानानं छापले जाऊ लागले.

आता मराठी मुलखाकडं बघा. आपल्याकडं उलट झालं. यंत्राची सिगारेट साहेबाची, बाबूची, महागाची. हातानं वळलेली बिडी हमालाची, गाडीवानाची, शेतमजुराची, सगळ्यांत स्वस्त. एका बिडीत सिगारेटच्या पाव-तृतीयांशाएवढाच तंबाखू असतो हे खरं, पण तिच्यात हाताची छत्तीस सेकंदं असतात. ती सेकंदं फुकटात गेल्यासारखी का मोजली गेली? त्याचं उत्तर पुढच्या थांब्यावर आहे.

१९७०, सोलापूर, पूर्व भाग

गल्ली अरुंद आहे. मागावर धोट्याची टकटक चाललीय आणि त्यात तेलुगू-मराठीची मिसळ. तुम्ही वाकून दारातून आत जाता. खोली एकच. चुलीपासून हातभर अंतरावर एक बाई सूप घेऊन बसलीय. शेजारी तिची सासू पानं कापतेय. आठ-नऊ वर्षांची मुलगी बिड्यांची तोंडं मुडपतेय, कारण लहान बोटांनी ते लवकर होतं. तंबाखूच्या धुळीनं तुम्हाला लगेच शिंक येते. त्यांना येत नाही. पाळण्यातलं मूल मात्र खोकतंय.

ओट्यावरचा माणूस इथं नाही. त्याचं कसब तेच आहे: तोच साचा, तीच कातर, तेच दोन वेढे. पण या अक्काला गिऱ्हाईक दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पान आणि तंबाखू कारखान्यातून मोजून मिळतात आणि वळलेला माल तिथंच जमा करायचा. मजुरी दिवसावर नाही, हजारावर. आठवड्यातल्या एका दिवशी तिच्याबरोबर कारखान्यात जा. तपासणारा माणूस बंडलं उघडतो, बोटानं चाचपतो, काही बिड्या बाजूला फेकतो. याला छाट म्हणतात. छाटलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही. पान कच्चं निघालं आणि तुकडे कमी पडले, तर कमी पडलेल्या पानांचा खर्च तिनंच भरायचा. नैसर्गिक पानाचा सगळा अनियमितपणा, जो यंत्रानं अंगावर घ्यायला नकार दिला, तो इथं एका बाईच्या मजुरीतून वजा होतोय.

आता तो छत्तीस सेकंदांचा प्रश्न घ्या. आधी हे बघू: बिडीचं यंत्र का आलं नाही? प्रयत्न झाले. यंत्रानं बिडी वळता येते. पण दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे तेंदूचं पान. ते झाडावर उगवतं तसंच वापरावं लागतं. त्याला कागदासारखं एकसारखं करता येत नाही. दुसरी म्हणजे सरकारी धोरण. हातबिडीवर लाखो घरं जगतात म्हणून केंद्रानं तिच्यावर अबकारी कर कमी ठेवला आणि यंत्रबिडीवर जास्त. हेतू चांगला होता. त्यानं काम वाचलं. पण कामाबरोबर मजुरी वाढावी अशी सोय त्या करात नव्हती. घरबसल्या वळणारी बाई यंत्रापेक्षा स्वस्त पडत होती, कारण तिची जागा, तिचा दिवा, तिचं पाणी, तिच्या मुलीची बोटं, यांतलं काहीच मालकाच्या हिशेबात धरलं जात नव्हतं. हवानातला कारागीर कारखान्यात, एका छपराखाली, शंभर सोबत्यांबरोबर बसला. म्हणून तो वाचक ठेवू शकला, भाव ठरवताना एकत्र बोलू शकला. सोलापूर, सिन्नर, अहमदनगर, गोंदियातली बाई एकटी बसली. हाताचा भाव कसबावरच ठरला असता, तर दोघांची मजुरी अशी वेगळी नसती. एकत्र बसणं आणि एकटं बसणं, मला तरी यातच खरं कारण दिसतं.

१९७४ आणि १९८५, दिल्ली

या कामगारांसाठी संसदेनं १९६६ साली बिडी आणि सिगार कामगार कायदा केला. कामाचे तास, सुट्टी, छाटीवर अंकुश, घरबसल्या वळणाऱ्यांनाही कामगार मानणं, हे त्यात आलं. काही ठिकाणी मालकांनी कायदा मानण्याऐवजी कारखानेच बंद केले. केरळातल्या कन्नूरला हेच झालं, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ साली स्वतःचीच सहकारी संस्था उभी केली, दिनेश बिडी. तिच्या शेडमध्ये जाऊन बघा: हवानासारखंच तिथंही कामगार वळताहेत आणि एकजण वर्तमानपत्र वाचतोय. दोन खंडांतल्या या कामगारांना कुणी एकमेकांची रीत शिकवली नव्हती.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसा. १९७४ साली मंगळूर गणेश बिडी खटल्यात न्यायालयानं १९६६ चा कायदा वैध ठरवला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल खटल्यात प्रश्न होता भविष्यनिर्वाह निधीचा. मालकांचं म्हणणं असं, की घरी बसून वळणारी बाई आमची नोकर नाही, आम्ही तिच्यावर देखरेख करत नाही. न्यायालयानं हे मानलं नाही. माल तपासून नाकारण्याचा अधिकार मालकाकडं आहे, म्हणजे देखरेखही आहे. जी छाट तिच्या मजुरीवर टाच आणत होती, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा ठरली. या निकालाचं महत्त्व मोठं आहे. घराच्या उंबरठ्याआतलं काम कायद्याला तेव्हा दिसलं.

१९८१, निपाणी

इथं थोडाच वेळ. सीमेवरचं हे मराठी गाव बिडीच्या तंबाखूची पेठ आहे. रस्त्यावर पाऊल टाकताच नाकात झिणझिण्या येतात. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्ग अडवलाय आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मरण पावलेत. त्याच गावात तंबाखूच्या वखारींत बायका पान कुटताहेत, चाळताहेत आणि संघटित होताहेत. युगांतर या गटानं १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. तो मिळवून बघा. वळणाऱ्या बोटांच्या आधीही बोटं आहेत, हे त्यातून कळतं.

मे महिना, आजचा, गडचिरोली

आणखी मागं, मुळाशी चला. पहाटेचे चार वाजलेत. उन्हं चढायच्या आत पान तोडून आणायचं म्हणून आख्खं घर जंगलात निघालंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच खुटकटाई झालीय, म्हणजे तेंदूची झुडपं छाटून ठेवलीत, त्यामुळं आता कोवळी, मोठी पानं फुटलीत. वाकून वाकून तुमची कंबर भरून येते. झुडपामागं अस्वल असू शकतं, वाघ असू शकतो. दर मोसमात कुणीतरी परत येत नाही. दुपारी घरात बसून ७० पानांचा एक पुडा, असे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. १,००० पुड्यांचं एक प्रमाणित पोतं.

१९६९ च्या राज्य कायद्यानंतर हा व्यापार सरकारच्या हाती होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आणि गेल्या काही वर्षांत गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. मोल पडलेल्या या साखळीत एका टोकाला तरी माणसं एकत्र बसून भाव ठरवताहेत. तिथं भाव वाढलाही. सोलापूरच्या खोलीतल्या प्रश्नाला हे चालतंबोलतं उत्तर आहे.

आज

लोणारला परत या, पण विवराकडं नको, बसस्थानकाजवळच्या टपरीकडं. पंचवीस बिड्यांचा कट्टा आणि शेजारी सिगारेटचं पाकीट, दोन्हींवर कर्करोगाचं चित्र. सिगारेट बनवणारं सगळ्यांत वेगवान यंत्र आज मिनिटाला २०,००० कांड्या काढतं. रोज हजार वळणाऱ्या बाईला तेवढ्यासाठी वीस दिवस बसावं लागेल.

हातची म्हणून बिडी सौम्य, झाडाच्या पानातली म्हणून निरुपद्रवी, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही आणि ते सहज जळत नाही. बिडी सारखी विझते, म्हणून ओढणारा जास्त वेळा आणि जास्त खोल ओढतो. तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात जास्त जातात. हाताचं कसब विषाला सौम्य करत नाही. सिगारच्या पेटीवरच्या सोनेरी अक्षरांनाही हेच लागू आहे. तंबाखू जायला हवा, हे मी कसलाही आडपडदा न ठेवता म्हणतो.

म्हणूनच शेवटचा थांबा सोलापूरजवळचं कुंभारी. सकाळी दहाला या वसाहतीत शिरा. सरळ रस्ते, एकसारखी छोटी घरं, दारात तुळस, आणि कितीतरी दारांत सूप घेऊन बसलेली बाई. नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं चिवटपणे लढून गोदूताई परुळेकरांच्या नावानं बिडी कामगार स्त्रियांची ही गृहनिर्माण संस्था उभी केली. २००६ साली इथली १०,००० घरं उभी राहिली. घराच्या कागदावर बाईचं नाव आहे. एकत्र आलेल्या बोटांनी काय होतं, हे इथल्या भिंतींना हात लावून बघता येतं.

पण याच दारांत दुसरी गोष्टही ऐका. १९७६ च्या कायद्यानं बिडीवर एक उपकर बसवला होता. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांची अनुदानं चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. कारखान्यांकडून मिळणारं काम आटतंय, आठवड्याचे दिवस कमी होताहेत. १९८५ च्या निकालानं निधीचा हक्क पक्का केला, पण त्या निधीच्या योजनेत केंद्रानं २०१४ साली ठरवलेलं किमान निवृत्तिवेतन आहे महिन्याला १,००० रुपये. चाळीस वर्षं रोज हजार बिड्या वळलेल्या बाईला महिन्याचे हजार रुपये.

तुम्ही १५९८ पासून इथवर चालत आलात. यंत्रानं हाताला हरवलं, एवढंच हे प्रकरण नाही. सिगारला यंत्र आल्यावर हवानाचा हात महाग झाला, सोलापुरात यंत्राला थोपवूनही हात स्वस्त राहिला. फरक पडला तो कामगार कुठं बसला आणि त्याच्या बाजूनं कोण बोललं यानं. बिडी बंद व्हावी असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांवर म्हणून एक जबाबदारी येते. बिडीवर घेतलेल्या कराचा ठरावीक वाटा कायद्यानं पुन्हा या कामगारांसाठी राखून ठेवायला लावणं, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला जगण्याजोगं निवृत्तिवेतन मिळवून देणं आणि तिच्या मुलीला कारखान्याचा दरवाजा बंद होण्याआधी दुसरं काम शिकवणं, या तीन गोष्टी तंबाखूविरोधी मोहिमेच्या पहिल्या पानावर हव्यात. त्या तिथं येईपर्यंत आपली मोहीम अर्धवट आहे, आणि तिचा उरलेला खर्च कुंभारीतली बाई भरते आहे.